बदकांची फाइल

माझ्या सासूबाई निवृत्त हिशेबनीस. नोकरीत असताना एक्सेलच्या चौकटींमध्ये दुसऱ्यांचे आकडे भरले, आता त्याच चौकटींमध्ये रंग भरतात. एक चौकट म्हणजे एक टाका. बाळाच्या ब्लँकेटवरच्या बदकांचा नमुना त्यांनी असाच बसवला आणि घरातलं प्रत्येक नातवंड त्याच ब्लँकेटमध्ये गुंडाळलं गेलं. आता पाळी माझ्या पोटातल्याची होती. मला सातवा महिना लागला होता आणि ब्लँकेट निम्मं विणून झालं होतं.

नेमकी हीच वेळ साधून त्यांच्या लॅपटॉपने मान टाकली. आतला पंखा बंद पडला होता. चालू केला की तापायचा आणि काही दिसायच्या आत आपोआप बंद व्हायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "ह्याच्यावर आता खर्च करू नका. काय हवं ते काढून घ्या, आणि लवकर काढा."

नवऱ्याने नवा कॉम्प्युटर आणून जेवणाच्या टेबलावर मांडला. सासूबाई निवांत होत्या.

"मी दर रविवारी बॅकअप घेते," असं म्हणून त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातला पेन ड्राइव्ह काढून दिला. देताना माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. ह्या घरात शिस्तीवरून बोलणी कोण खातं, ते वेगळं सांगायला नको.

पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या फाइली ओळीने हजर होत्या. उघडत मात्र एकही नव्हती. नवऱ्याने वाकून पाहिलं. प्रत्येक फाइलच्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलासा बाण होता.

"आई, तू नुसते शॉर्टकट कॉपी केलेस. हे पत्ते आहेत. घरं सगळी लॅपटॉपमध्येच राहिली."

"म्हणजे इतकी वर्षं मी..."

"पत्ते जपलेस."

मला हसू फुटणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते गिळलं. त्या मांडीवरच्या अर्ध्या ब्लँकेटकडे बघत होत्या.

"पुढचं मला पाठ नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "मी ओळ बघते आणि विणते. पाठ कधी केलंच नाही."

बाईंना इतकं हवालदिल झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही. भांडायला समोरचं माणूस खमकं लागतं.

मग आम्ही कंबर कसली. माझी होती तेवढी. लॅपटॉप खालून वारा लागावा म्हणून उपड्या चाळणीवर ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला, आणि सासूबाई वर्तमानपत्राने वारा घालायला बसल्या. दोनदा तो मध्येच बंद पडला. तिसऱ्यांदा एकदाचा पडदा उजळला. नवऱ्याने केबल जोडली आणि अख्खी डिस्क पहिल्यापासून पलीकडे न्यायला निघाला. प्रत्येक काम पहिल्यापासून करायचं, ही त्याची खोड.

"आधी बदकं!" मी ओरडले. "बाकीचं जग नंतर ने."

आमचा इतका जीव काढला आणि ती फाइल डोळ्याचं पातं लवायच्या आत पलीकडे गेली. सासूबाईंनी वर्तमानपत्र टाकून माझा हात धरला. लॅपटॉप पुन्हा बंद पडला. आता पडला तरी चालणार होतं. बाकीचं हप्त्याहप्त्याने आणता आलं असतं.

नवऱ्याने नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली. जुन्या पडद्यावर एका वेळी जेमतेम दीड बदक मावायचं. ह्या मोठ्या पडद्यावर सगळं ब्लँकेट एका नजरेत आलं. सगळी बदकं उजवीकडे निघाली होती. वरच्या रांगेतलं एक तेवढं डावीकडे तोंड करून बसलं होतं.

"हे कोण?" नवरा म्हणाला.

सासूबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "चुकलंय," त्या म्हणाल्या. "विणताना मी ओळीपलीकडे कधी पाहिलंच नाही." ज्यांच्या ताळेबंदात कधी पैशाचा फरक आला नाही, त्या बाई पार ओशाळल्या. "आणि हे असंच सगळ्या पोरांच्या अंगावर घातलं मी." त्यांनी तडक नणंदेला फोन लावला आणि गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं.

नणंद फोनवर खळखळून हसली. "रुसलेलं बदक ना? आई, आम्हाला वाटायचं तू ते मुद्दाम घातलंस. माझी धाकटी अजून त्याच्यावर हात ठेवूनच झोपते. तिच्या मते त्याला एकटं वाटतं."

फोन ठेवल्यावर सासूबाईंनी पडद्यावरच्या त्या बदकावर बोट टेकवलं. तो भाग अजून विणायचा होता. नवऱ्याने माउस हातात घेतला. "फिरवून देऊ का तोंड? मिनिटाचं काम आहे."

"खबरदार हात लावशील तर," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना ते मिळालं, आणि ह्याच एकाला नको?"

मला एकदम रडू आलं आणि हसूही. त्यांनी सुया उचलल्या आणि लोकरीचा गुंडा माझ्या मांडीत टाकला.

"बघत काय बसलीस? धर हे," त्या म्हणाल्या. "पुष्कळ राहिलंय अजून."