वस्तीबाहेरच्या सुया

बुद्धवंदना आटोपली तरी बायका विहारातच थांबल्या. संस्थेची संजना हात जोडून उभी होती. विहारामागची रिकामी खोली तिला हवी होती. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांकडून वापरलेल्या सुया घ्यायच्या नि नव्या द्यायच्या, म्हणजे एकाची सुई दुसऱ्याने टोचून एचआयव्ही तरी पसरायचा नाही. इंदिरानगरात एका घरमालकाने हो म्हणून ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं. पोरं मात्र बसायची इथेच, नाल्याकाठी.

“सुया वाटल्या तर पोरं आणखी बिघडतील की,” एकजण म्हणाली.

“बिघडलेली मरू नयेत एवढंच बघतोय, ताई,” संजना म्हणाली.

सगळ्यांच्या माना मालनबाईंकडे वळल्या. महिला मंडळात त्यांचा शब्द शेवटचा.

मालनबाईंचा मुलगा नवनाथही नाल्याकाठीच बसायचा. त्याच्या दंडावरचे डाग त्यांनी पाहिले होते आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. त्या खोलीच्या दारात तो दिसला की वस्तीभर बोभाटा होणार, आणि इकडे लेकीचं, राखीचं लग्न ठरत आलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बाईंना कोणी शिकवायला नको होतं.

“आपल्या वस्तीत तसली पोरं नाहीत,” त्या म्हणाल्या. “जिथं आहेत तिथं खोली बघ, पोरी.”

विषय संपला. हे खोटं आहे हे निम्म्याजणींना ठाऊक असणार, पण ज्याची त्याला लाज प्यारी.

केंद्र निघालं ते शहराबाहेर, कचरा डेपोच्या पलीकडे. हरकत घ्यायला तिथे माणूसच राहत नव्हता, म्हणून ती जागा सगळ्यांना पसंत पडली. रिक्षा बदलत सुई आणायला जाईपर्यंत तलफ थांबते होय?

राखीचं लग्न थाटात झालं. त्यानंतर काही वर्षांनी नवनाथला ताप आला तो हटेना. रक्तात एचआयव्ही निघाला, लिव्हरही गेलेलं. फार उशीर झाला, असं डॉक्टरांनी मालनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं.

त्या दवाखान्यात त्याला पेज भरवत होत्या.

“आई, विहारामागं केंद्र निघणार होतं म्हणे,” तो म्हणाला. “तिथं गेलो असतो मी. कोणी मोडता घातला गं?”

“काय माहीत, बाळा. खा.”

त्याने लहानपणासारखं मुकाट्याने तोंड उघडलं. हा आपल्याआधी जाणार आणि आपल्याच शब्दाने जाणार, हे मालनबाईंना कळून चुकलं. त्यांनी पुढचा चमचा भरला.