बहात्तर कागद

"काका, दोन ओळींत सांगा. चांगला अ‍ॅनिमे कशामुळे होतो?"

मी मान वर केली नाही. समोर काचेचं टेबल, काचेखाली दिवा, काचेवर कागद आणि कागदावर एका सैनिकाची ढोपरं. ढोपरं काढताना मी कुणाशी बोलत नाही, हे अख्ख्या स्टुडिओला ठाऊक आहे.

"ऊठबस," मी म्हणालो.

"काय?"

"ऊठबस. माणूस बसतो कसा आणि उठतो कसा. ते जमलं की बाकीचं जमतं. लिही."

आमची सुपरवायझर खुदकन हसली. पोरगी माझ्या निम्म्या वयाची आहे, पण कामाला वाघ. भिंतीवर लावायला ती सगळ्यांची उत्तरं गोळा करत होती. रंगवाल्यांनी रंग लिहिलं होतं, आवाजवाल्यांनी संगीत. कुणी कथा, कुणी लढाया, आणि एका महाभागाने तर नुसतं 'मोठे डोळे' लिहून सही ठोकली होती.

"पण काका, 'ऊठबस' भिंतीवर कसं दिसेल हो?"

"मग नको लावूस. माझं काय अडलंय?"

तिने लावलं नाही. मला वाईटही वाटलं नाही. एकतीस वर्षं मी मधली चित्रं काढतोय. मोठा चित्रकार दोन चित्रं देतो, एकात बाई बसलेली, दुसऱ्यात उभी. त्या दोहोंच्या मधली बाई माझी. पडद्यावर एका सेकंदात आमची आठ चित्रं सरकतात. त्यातलं माझं एखादं जरी कुणाच्या डोळ्यांत भरलं, तर खुशाल समजावं की ते चुकलंय. माझ्या खिशात कायम एक स्टॉपवॉच असतं, म्हणून पोरं मला घड्याळकाका म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे नुसतं घड्याळ.

हे ऊठबशीचं शास्त्र मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. बायकोकडून शिकलो.

तिला खुर्चीवर बसून काम करायची सवयच नव्हती. भाजी निवडायची, बटणं लावायची, पेपर वाचायचा, सगळं जमिनीवर. आणि उठायची कशी? आधी उजवा तळवा जमिनीवर सपाट. मग डावा पाय दुमडून पुढे. मग हात गुडघ्यावर. मग एक छोटासा दम, आणि अंग वर. उभी राहिली की कुणी पाहिलं तर नाही ना, असं एकदा बाजूला बघायची आणि कपडे झटकायची. मी ते उठणं चोरलं. राजकन्येला दिलं, चेटकिणीला दिलं, दुकानदारणीला दिलं. एकदा तर एका यंत्रमानवालाही दिलं. टीव्हीवर तो लागला तेव्हा ती हातातली भाजी टाकून ओरडली, "अहो, हा लोखंडी मेला माझ्यासारखा उठतोय!" आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांत माझं काम ओळखणारी तेवढी एकच.

मग काय, मला चेवच चढला. ती उठायला लागली की मी म्हणायचो, "थांब, थांब. परत बस. आता ऊठ."

"उठाबशा काढायला मी शाळेत आहे का?"

असं म्हणायची आणि परत बसायची. मी स्टॉपवॉच दाबायचो आणि वहीत लिहायचो. तारीख आणि सेकंद. सुरुवातीच्या पानांवर अडीच सेकंद आहेत. बरीच वर्षं अडीचच. मग एका पानावर साडेतीन. पुढे साडेचार. मग सहा. त्या सहाच्या पुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'मध्ये थांबते. हात हवेत राहतो. फार सुंदर. वापरायचं.'

वापरलंही. त्या वर्षीच्या मालिकेतली आजी पाहून मोठा चित्रकार स्वतः माझ्या टेबलापाशी आला होता. म्हणाला, "घड्याळकाका, मानलं तुम्हाला."

डॉक्टरकडे आम्ही गेलो ते ती न्हाणीत पडली तेव्हा. धाकटी मेहुणी बरोबर होती. डॉक्टरांनी बायकोला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग मला विचारलं, "हे हळू होणं साधारण कधीपासून?" मला उत्तर तोंडपाठ होतं. मी अगदी उत्साहाने बॅगेतून वही काढली. एवढं नेमकं उत्तर त्यांना दुसऱ्या कुणी दिलं नसतं, असंसुद्धा त्या क्षणी मनात येऊन गेलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डॉक्टर पानं उलटत राहिले.

"हे तुम्ही चार वर्षांपूर्वी मोजलंत?"

"हो."

"मग तेव्हा का नाही आणलंत यांना?"

मी तोंड उघडलं. खोटं सुचलं असतं तर बरं झालं असतं. "मला वाटलं," मी म्हणालो, "छान उठते."

मेहुणीने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. बायको मात्र रिक्षात म्हणाली, "जाऊ द्या हो. तुम्हाला काय कळणार डॉक्टरकीतलं?" तिने माझी बाजू घेतली, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याला सहा वर्षं झाली. आता ती पलंगावर असते. शरीराला हुकूम पोचत नाहीत, आणि डोकं कधी जागेवर असतं, कधी नसतं. मी कामावर गेलो की मेहुणी येऊन बसते. बोलते माझ्याशी, पण जेवढ्यास तेवढं.

आणि या वर्षी माझ्या टेबलावर एका सिनेमातला तो शॉट आला. एक म्हातारी दाराशी जमिनीवर बसलीय. दार वाजतं. कित्येक वर्षांपूर्वी निघून गेलेला मुलगा आला असेल असं तिला वाटतं. ती उठते. वेळ लिहिली होती तीन सेकंद.

मी कागद घेऊन तडक सुपरवायझरकडे गेलो.

"म्हातारी तीन सेकंदांत उठत नाही."

"मग किती?"

"नऊ."

"काका, नऊ सेकंद कोण बघत बसणार हो? लोक मोबाइलवर बोट फिरवून पुढे जातात."

"जाऊ देत. ज्याची आई उठत असेल, तो नाही जाणार."

माझ्या घरचं तिला माहीत होतं. "बरं, काढा नऊ," ती म्हणाली. "पण शेवटी कात्री माझ्या हातात नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. ऐकायचंच नव्हतं. नऊ सेकंद म्हणजे बहात्तर कागद. सगळे स्क्रीनवर काढतात, कागदाचं टेबल आता माझं एकट्याचं. पाच आठवडे लागले. वही मी माळ्यावर टाकली होती, ती खाली काढली आणि अडीच सेकंदांपासून शेवटच्या पानापर्यंत सगळी वाचली. तळवा जमिनीवर. पाय पुढे. हात हवेत राहतो, तो गुडघा शोधतो, सापडत नाही, मग सापडतो. पहिला प्रयत्न फुकट. दुसऱ्यात अंग वर येतं, मान सगळ्यात शेवटी. बाजूला बघणं. कपडे झटकणं. एकही रेघ मी अंदाजाने ओढली नाही.

मला एवढंच हवं होतं, की ती एकदा उठावी. घरी आता ते होणार नव्हतं. कुठेतरी अंधाऱ्या खोलीत चार अनोळखी माणसांसमोर उठली असती तरी मला पुरलं असतं. मी तिला सांगूनही ठेवलं, "बघ हं, तू पडद्यावर उठणार आहेस." ती म्हणाली, "बरं." कळलं का, देव जाणे. मेहुणी भांडी विसळत होती, तिचे हात थांबले. "भाऊजी, मलाही बघायचंय ते," ती पाठमोरीच म्हणाली. सहा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच.

स्टुडिओतल्या छोट्या खोलीत सगळ्यांना सिनेमा दाखवला. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, त्यावरून पोरांनी माझी खेचलीही. "काय घड्याळकाका, लग्नाला निघालात की काय?" मी हसलो. त्या दिवशी मला सगळेच आवडत होते.

म्हातारी आली. दाराशी बसली होती. दार वाजलं. पडद्यावर दाराची कडी दिसली, अर्धा सेकंद. मग दार उघडलं आणि म्हातारी दारात उभी.

थेट उभी.

मी वाट बघत राहिलो. मागून दाखवतील, आठवण म्हणून दाखवतील. गाणं लागलं, नावं सरकू लागली, दिवे लागले तरी मी बसून होतो. सुपरवायझर दोन खुर्च्या ओलांडून माझ्यापाशी आली. तिचे डोळे लाल होते.

"काका, मी भांडले हो. शपथेवर सांगते. वरच्यांनी विचारलं, ती उठते हे दाखवून काय मिळतं? मला उत्तरच देता येईना."

"देता येत नाहीच ते," मी म्हणालो. "तू नको रडूस. तुझी काय चूक?"

"फार सुंदर होतं काका."

माझ्या वहीतला तोच शब्द तिने नेमका उच्चारला. मी मान हलवली. काम संपलं की कागद आमच्याकडे रद्दीत जातात. मी माझा गठ्ठा मागून घेतला, सुतळीने बांधला आणि दुपारीच घरी आलो.

मेहुणीने दार उघडलं, गठ्ठा पाहिला, माझं तोंड पाहिलं. तिचीही निराशा झाली असणार, पण "चहा टाकते," म्हणून ती आत गेली.

खिडकीतून पलंगावर ऊन आलं होतं. बायको उशीला टेकून बसली होती, म्हणजे बसवलेली होती. मी तिच्याशेजारी बसलो, सुतळी सोडली, गठ्ठ्याची एक बाजू डाव्या हातात घट्ट धरली आणि उजव्या अंगठ्याने कागद सोडायला लागलो. माझा अंगठा एवढ्या वर्षांत स्टॉपवॉचसारखाच झालाय. बरोबर नऊ सेकंद. म्हातारी उठली.

बायकोची नजर कागदावर होती. पुष्कळ दिवसांनी ती कुठेतरी स्थिर झाली होती.

"परत," ती म्हणाली.

मी परत सोडले. लोखंडी माणसाला ओळखणारी बाई ती, स्वतःला ओळखणार नाही? म्हणेल, अहो, ही तर मी. एवढं एकदा म्हणाली की मला बाकी कुणाचं काही नको होतं.

"परत."

तिसऱ्यांदा. तळवा जमिनीवर, पाय पुढे, हात हवेत. तिचा स्वतःचा हात चादरीवर जरासा पुढे सरकला. कपाळावर आठी आली. ओठ हलले, पण आवाज यायला वेळ लागला. मी कान जवळ नेला.

"अहो," ती म्हणाली, "केव्हाची धडपडतेय ती बाई. तुम्ही नुसते बघत काय बसलाय? हात द्या की तिला."

माझा अंगठा थांबला. म्हातारी अर्धी उठलेली, तशीच राहिली. आतून कपबशांचा आवाज आला. बायको माझ्याकडे बघत होती, मी उठून हात देईन म्हणून वाट बघत होती.

माझ्या दोन्ही हातांत कागद होते.