दौऱ्यावरचा स्वयंपाक

तिनं प्रवासी बॅगेतले मळके शर्ट उपसून काढले, तळाशी हात घातला आणि बोटांना काहीतरी गार लागलं. टॉवेलात गुंडाळलेलं एक छोटं विजेचं पातेलं होतं. नवऱ्याच्या बॅगेत पातेलं! ते घेऊन ती खिडकीशी गेली आणि उलटंपालटं करून बघू लागली. कुठं अन्नाचा कण नव्हता. झाकणाची रबरी रिंग काढून, वेगळी धुऊन, पुसून परत बसवलेली होती. मुठीच्या खालची बाजूसुद्धा लख्ख होती.

हे तिच्या नवऱ्यानं घासलेलं असणं शक्यच नव्हतं. घरात घासणी कुठं असते हेही त्याला ठाऊक नव्हतं. हे बाईमाणसाचं काम होतं, आणि तेही जीव लावून केलेलं.

"हे काय?" तिनं विचारलं.

"पातेलं," तो बूट काढता काढता म्हणाला.

"ते दिसतंय मला. कुणाचं?"

"आमचं. दौऱ्यावरचं. बाहेरचं खाऊन सगळ्यांचीच पोटं बिघडतात."

'आमचं' हा शब्द तिला दाताखाली खडा यावा तसा लागला.

कारखान्यांच्या फाटकापाशी भरलेले ट्रक तोलायचे मोठे काटे असतात. ते बरोबर तोलतात की नाही हे तपासायचं त्याचं काम. त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस तो गावोगावच्या लॉजवर असायचा. जगाची वजनं तपासणाऱ्या या माणसाला स्वतःच्या वजनाचं मात्र काही पडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हापासून ती हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. तिनं तळण बंद केलं, भाज्या उकडल्या, दौऱ्याला निघताना फळं बांधून दिली. तो भाज्या ताटाच्या कडेला सारायचा, "हे आजाऱ्याचं जेवण," म्हणायचा. फळं तशीच परत यायची.

आणि आता गेल्या काही दौऱ्यांत गडी पार बदलला होता. चहात साखर नको म्हणत होता. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं होतं. नवा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "वहिनी, तुमच्या कष्टांना यश आलं हो!" तिनं हसून ते कौतुक घेतलं, पण घरी येईपर्यंत तिचा नुसता जळफळाट झाला. नवरा बरा होत होता याचा आनंद होताच. पण तिनं एवढं घसा कोरडा करूनही जे झालं नव्हतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दानं झालं होतं, आणि ते तिला सोसत नव्हतं.

दौऱ्यावर माणसं तीनच. तो, काटे तपासायच्या वजनांचा ट्रक चालवणारा ड्रायव्हर आणि नुकतीच लागलेली एक इंजिनीअर मुलगी. ड्रायव्हर काही भाज्या उकडत बसणार नव्हता.

पुढच्या दौऱ्याला तो गेला आणि दुसऱ्या दिवशी तिनं ठेवणीतले कपडे घालून त्याच्या लॉजच्या गावाची बस पकडली. भांडायला जाताना माणूस एवढं नीटनेटकं का होतं, हे तिला सांगता आलं नसतं.

"काटेवाले ना?" लॉजच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं. "वरची कोपऱ्यातली खोली. जेवायला बसले असतील. त्या बाईही वरच आहेत."

जिन्यातच कांद्याचा आणि मिरपुडीचा वास आला. दार अर्धवट उघडं होतं. तिनं ते ढकललं.

मुलगी खुर्चीवर मांडीत रिकामी ताटली घेऊन बसली होती. ड्रायव्हर जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून बसला होता, तोही ताटली घेऊन. आणि खिडकीच्या कट्ट्यापाशी, खांद्यावर फडकं टाकून, तिचा नवरा गाजर चिरत होता. तिरकं, पातळ, बोटं आत दुमडून.

"काकू?" मुलगी पटकन उठली. "काका, बघा कोण आलंय!"

तो वळला. "तू? घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे. मावशीकडे आले होते."

मावशी अगदी उलट्या दिशेला राहायची. त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

"बरं झालं आलात, वहिनी," ड्रायव्हर सरकून जागा करत म्हणाला. "यांनी आम्हाला पार सरळ केलंय. हॉटेलाकडे नुसतं बघितलं तरी ओरडतात. पण माझी जळजळ गेली, खोटं कशाला बोलू?"

"आणि कशाला हात लावू देत नाहीत," मुलगी म्हणाली. "एकदा मी पातेलं घासलं, तर काकांनी परत घासलं. म्हणे, रिंग काढली नाहीस."

त्याचे कान लाल झाले.

"हे सगळं कधी शिकलात?" तिनं विचारलं.

"शिकायचं काय त्यात? इतकी वर्षं बघतोय की तुला."

ती पलंगाच्या काठावर बसली. म्हणजे तो बघत होता. रिंग काढायची तिची पद्धत, गाजर तिरकं चिरायचा तिचा हात, सगळं त्यानं गुपचूप उचललं होतं आणि वाढलं कुणाला, तर या दोघांना. ती मुलगी चोर निघाली असती तर बरं झालं असतं. निदान तिच्याशी भांडता आलं असतं.

"घरी कधी इकडची काडी तिकडे केली नाहीत," ती म्हणाली.

"घरी तू सुरी हातातून काढून घेतेस."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ड्रायव्हर उगाच पंख्याकडे बघू लागला. पहिला रिपोर्ट आला त्या संध्याकाळी नवरा घरच्या ओट्यापाशी आला होता, सुरी उचलली होती. "राहू द्या, पसारा कराल," म्हणत तिनं ती घेतली होती. नंतर तो फिरकला नाही, आणि तिच्या ते लक्षातही राहिलं नव्हतं.

भाज्या शिजल्यावर त्यानं स्वतःची ताटली पुसून आधी तिला वाढलं. मसूर, भाज्या, वर उकडलेलं अंडं. तिनं घास घेतला. भाज्या शिजल्या होत्या, तरी त्यांचा कुरकुरीतपणा गेला नव्हता. तिच्या हातून त्या हमखास मऊ व्हायच्या. जेवण इतकं छान झालं होतं की तिला रडू यायला लागलं, आणि त्याचाच राग आला.

"कसं झालंय?" तो चमचा हातात धरून उभाच होता.

"मीठ कमी आहे."

"कमी?" मुलगी म्हणाली. "मला तर—"

ड्रायव्हरनं तिच्याकडे बघून डोळे वटारले.

नवरा वाकला आणि त्यानं तिच्याच ताटलीतला एक घास घेतला. सावकाश चावला. मग तिच्याकडे बघितलं. तिनं नजर ताटलीतून वर उचलली नाही.

पातेल्याला त्यानं हातही लावला नाही. पुडीतून चिमूटभर मीठ घेऊन फक्त तिच्या ताटलीत टाकलं आणि चमच्यानं नीट कालवून दिलं.

जेवण खारट झालं. तिनं एक कणही न टाकता ते सगळं संपवलं आणि ताटली पुढे केली.

"अजून थोडं वाढा," ती म्हणाली.