तोटी असलेलं मडकं

२००९च्या मार्चमध्ये अनुपमा आणि थोबेका, दोघींची नोकरी एकाच सकाळी गेली. दुबईतली त्यांची कंपनी हॉटेलांची सजावट करायची, आणि आता नवी हॉटेलं बांधणारं कुणी उरलंच नव्हतं. अनुपमाचा नवरा हेमचंद्र याची नोकरी शाबूत होती. थोबेकाला मात्र दक्षिण आफ्रिकेला परतावं लागणार होतं.

"व्हिसा आहे तोवर आमच्याकडे राहा," अनुपमा म्हणाली. अल मनखूल भागातल्या तिच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मग मातीचा ढीग आला.

थोबेका झुलू. तिच्या घरातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मडकी घडवत. चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, गोट्यानं घोटायचं, वर बारीक पुळ्यांसारख्या उंचवट्यांची नक्षी. पण मडकी भाजायला फ्लॅटमध्ये आवा कसा पेटवणार? दोघी दुसऱ्या अमिरातीत, फुजैराला गेल्या. तिथल्या एका छोट्या हॉटेलचा मॅनेजर, वसईचा ॲल्फ्रेड, अनुपमाच्या ओळखीचा होता. त्यानं हॉटेलमागची मोकळी जागा दिली. पहिल्या खेपेला अर्धी मडकी तडकली. दुसऱ्या खेपेची धुरात भाजून काळीभोर निघाली.

"लॉबीत ठेवतो," ॲल्फ्रेड खूश होऊन म्हणाला. मग तोटी आणि कान असलेलं एक भांडं त्यानं बाजूला सारलं. "ही किटली नको. इंग्रजांची नक्कल वाटते. गेस्टना प्युअर आफ्रिकन पाहिजे."

अनुपमालाही आधी तसंच वाटलं होतं.

"माझ्या पणजीनं मिशनच्या बंगल्यात चिनीमातीची किटली पाहिली," थोबेका म्हणाली. "मडमेसाठी तशीच घडवली, पण वळ्या रचून, आमची नक्षी लावून. मग आजीनं घडवली, आईनं घडवली. ती आमची व्हायला आणखी किती वर्षं लागतील?"

ॲल्फ्रेडनं किटली पुन्हा उचलून पाहिली.

"ॲल्फ्रेड, पाव पोर्तुगीजांनी आणला ना?" अनुपमानं विचारलं. "मग तुमच्या घरी कुणी त्याला परका म्हणतं?"

"छे, तो आमचाच," तो बोलून गेला, आणि स्वतःच हसला.

किटली लॉबीत मधोमध गेली. पाहुणे तिच्याबद्दलच जास्त विचारू लागले. व्हिजिट व्हिसा वाढवत थोबेकानं उन्हाळा काढला. थंडीचा सीझन आला तसं हॉटेलनं तिला मातीकाम शिकवायला ठेवून घेतलं, व्हिसासकट.

अनुपमा शुक्रवारी शिकायला जायची. तिचं पहिलं भांडं वाकडं झालं. तिनं त्याला अरुंद गळा आणि बाहेर वळलेला काठ काढला होता.

"हे काय?"

"तांब्या. आमच्याकडे पाण्यासाठी असतो."

थोबेकानं तो हातात फिरवून पाहिला. "मला शिकव," ती म्हणाली.