कुंपणाजवळच्या झाडाची पानं

लार्नाकाच्या नव्या विमानतळावर अजून भिंती कमी आणि पत्रेच जास्त होते. युद्धात देशाचे दोन तुकडे होऊन राजधानी निकोसियाचा विमानतळ दोन सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात अडकून बंद पडला, तेव्हा खाऱ्या तळ्याकाठच्या या जुन्या धावपट्टीवर घाईघाईने शेडी उभ्या केल्या होत्या. देस्पू धाकट्याला, पाम्बोला, पोचवायला आली होती. निर्वासितांच्या तंबूत राहून काम मिळेना, म्हणून तो लंडनला मामाकडे निघाला होता.

कॉफीवाल्याकडून तिने मातीच्या धुपाटण्यात दोन निखारे मागून घेतले. छातीशी एक पुरचुंडी होती. तिच्यात दृष्ट काढायच्या धुरीसाठी गावच्या चर्चमध्ये चाळीस दिवस ठेवलेली ऑलिव्हची पानं होती. गाव आता रेषेपलीकडे, शत्रूच्या ताब्यात गेलं होतं. एका धुरीपुरती, शेवटची पानं.

थोरला, लोइझोस, निकोसियाच्या विमानतळावर सामान चढवायचा. युद्ध सुरू झालं त्या जुलैतल्या सकाळी ती धुपाटणं घेऊन दारात उभी राहिली, तर तो बूट चढवता चढवता म्हणाला, "आता उशीर झालाय. संध्याकाळी आल्यावर दे ग धुरी." तेव्हापासून त्याचा पत्ता नव्हता. मेला असं कुणी सांगितलं नव्हतं, आहे असंही नाही.

शेडीच्या दारात पहारेकरी पिएरिस आडवा आला. एकेकाळी तो लोइझोसबरोबरच कामाला होता.

"मावशी, इथे विस्तव नको. शेजारी इंधन आहे. एक विमानतळ गेलाच आपला, हा तरी राहू दे."

"मग पोराला तसाच पाठवू?"

"त्या झाडापाशी जा, कुंपणाजवळ. मी काही बघितलं नाही."

पाम्बो हसला. "आई, लंडनच्या धुक्यात मी कुणाला दिसणार, आणि नजर कोण लावणार?"

"गप्प बस. बॅगेचा पट्टा आवळ."

तो वाकला. देस्पूचा हात पुरचुंडीकडे गेला आणि तिथेच थांबला. झाड ऑलिव्हचंच होतं. तिने चार पानं ओरबाडून निखाऱ्यावर टाकली आणि धुपाटणं पाम्बोच्या डोक्याभोवती तीनदा फिरवलं. पानं जोरात तडतडली.

"केवढी दृष्ट होती पोराला!" पिएरिस लांबूनच ओरडला.

पाम्बोने ओरबाडलेल्या फांदीकडे पाहिलं. "ओली पानं तडतडतातच," तो हळूच म्हणाला. मग तिच्या कपाळाला ओठ टेकवून, "पुरचुंडीतली दादाची आहेत. असू देत." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तो गेला. विमान धावपट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. एक निखारा अजून लाल होता. देस्पूने पुरचुंडी सोडली, वाळलेली पानं चिमटीत धरली. ही आत्ता पाम्बोसाठी टाकली तर लोइझोसच्या संध्याकाळच्या धुरीला काही उरणार नव्हतं. आणि तो आलाच तर निकोसियाला येईल, ओसाड विमानतळावर. सगळे इथून उडतात हे त्याला कोण सांगणार?

विमान गरजलं. तळ्यातले रोहित पक्षी उठले, पुन्हा बसले. विमान पाण्यावरून वर चढलं, बारीक झालं, मग दिसेना. तिची चिमूट तशीच होती.

"मावशी," पिएरिस जवळ येऊन म्हणाला, "निखारा विझला. दुसरा आणून देऊ?"

"आता कशाला?" ती म्हणाली आणि पुरचुंडीला गाठ मारू लागली.