तात्याला गाव दाखवलं

धोंडूकाकी आणि तिचा लेक गणपती यांचं भांडण त्या दिवशी सकाळी सकाळीच जुंपलं. गणपती गोठ्याम्होरं उसाचं वाडं तोडत बसला होता. काकी दारात उभी होती आणि तिच्या मागं, घराच्या आत, तिचा नवरा जोतीतात्या बाहेरनं लावलेली कडी खडखडवत होता.

"आबाला कुठं न्यायचं न्हाय म्हंजे न्हाय," गणपती कोयता न थांबवता म्हणाला. "गप घरात ऱ्हाऊ दे."

"ऱ्हातोय व्हय त्यो? तू ठिवून दाव."

"म्हनून तर कडी लावलीया."

"कडी गुराच्या गोठ्याला लावत्यात गणपा. त्यो तुजा बा हाय."

"मग काय करू? त्या दिशी ट्रॅक्टरच्या चाकाखालनं वडून काडलाय त्याला. पुन्ना वाचंल म्हनून काय नेम?"

काकीनं माझ्याकडं बघितलं. मी माझ्या जीपचं रेडिएटर उघडून पाणी ओतत होतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून. मधल्या भिंतीतनं खोकलासुद्धा ऐकू यायचा, तिथं भांडण काय लपणार?

आमचं मूळ गाव आंबेखोल. मलकापूरच्या वर डोंगरात, तीस-बत्तीस घरांचं. अभयारण्यात गेलं म्हणून नव्याण्णव साली आमास्नी उठवलं आणि इकडं खाली, कसबा बावड्याच्या पलीकडं माळावर आणून बसवलं. ओळीनं घरं दिली, मुरमाड रानं दिली. झाड म्हणून दिसायला नव्हतं. वैशाखात वावटळ उठली की भाकरीत माती यायची. तरी माणसं रुळली. गणपतीनं दोन म्हशी केल्या, मी वडापची, शिटा भरून न्यायची, जीप घेतली. तात्या तेवढा रुळला नाही.

पहिली दोन-तीन वर्षं तो नुसता गप्प असायचा. मग विसरायला लागला. जेवला तरी जेवलो नाही म्हणायचा. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू झिजत चाललाय, याला औषध नाही, सांभाळा. आणि मग ते चालणं सुरू झालं. दुपारचं ऊन कललं की तात्या धोतराचा काचा मारायचा आणि मावळतीकडं तोंड करून निघायचा. कुठं म्हणून विचारलं की म्हणायचा, "घरला." कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या गर्दीत दोनदा सापडला. दुसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून वाचला.

त्यापेक्षा वाईट गोष्ट काकीनं कुणाला सांगितली नव्हती. माझ्या बायकोला, अनुजाला, तेवढी बोलली होती. गेल्या दिवाळीपासून तात्या तिला ओळखत नव्हता. ती न्हाणीत पाणी घालायला लागली की अंग चोरून बसायचा आणि म्हणायचा, "बाई, ऱ्हाऊ द्या. आमच्या घरातली येईल आन घालंल." ताट वाढलं तर ती समोरनं उठून जाईपर्यंत घासाला हात लावायचा नाही. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि तिला आता नवऱ्याला जेवू घालायचं तर दाराआड उभं राहावं लागायचं.

"बाळासो," काकी जीपजवळ आली, "मी काय म्हनते, त्याला यकडाव गाव दावून आनू. घरं पडल्याली डोळ्यानं बगू दे. कुनी ऱ्हायलं न्हाय, रान माजलंय, हे बगितलं की त्याचं मन थांबंल. मग न्हाय जायाचा त्यो कुठं."

मला पटलं नव्हतं, पण तिच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवलं नाही. गणपतीनं कोयता खाली टाकला, म्हणाला, "करा तुमच्या मनाचं," आणि वैरण उचलून आत गेला.

जंगलाच्या हापिसातनं एका दिवसाचा पास काढायला मला तीन खेपा माराव्या लागल्या. मार्च संपता संपता एका सकाळी आम्ही निघालो. तात्या मागं खिडकीला, काकी त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून. मलकापुरात चहा घेतला. तात्यानं चहा घेतला, पण काकीनं पुढं केलेली बिस्किटं नको म्हणून हात जोडले. पुढं घाट लागला. मी आरशात बघत होतो. तात्याचे डोळे कशावरही ठरत नव्हते.

फाटकावर प्रसेनजीत म्हणून एक गार्ड होता. तरणा पोरगा, नेसरीकडचा. त्यानं वहीत आमची तिघांची नावं घातली.

"पाचच्या आत फाटकावर पायजे," तो म्हणाला. "साडेचारनंतर गवं उतरत्यात पान्यावर. मी संगं येतो. म्हातारं मानूस चालंल न्हवं?"

"चालंल," काकी म्हणाली. "चालनं तेवढंच ऱ्हायलंय."

गाडीवाट मोडून गेली होती. दोन्हीकडनं करवंदीच्या जाळ्या आत आल्या होत्या. ऐन, किंजळ, जांभूळ, वरनं एकमेकांत मिसळलेली. खाली ऊन पडत नव्हतं, पडलं तर रुपयाएवढं. पाचोळ्यावर आमचेच पाय वाजत होते आणि ते थांबले की काहीच वाजत नव्हतं. आठ वर्षं माळावरचा वारा आणि ट्रकांचे हॉर्न ऐकून माझ्या कानांना ती शांतता जड झाली. मी याच गावात जन्मलो, आणि मला एक झाड ओळखू येईना.

अर्धा मैल गेल्यावर वाटेला फाटा आला. प्रसेनजीत डावीकडं वळला. तात्या थांबला.

"हिकडनं न्हाय," तो म्हणाला. "तिकडं दगूड सुटल्यालं हाईत. पानवठ्यावरनं चला."

प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं. "पानवठ्यावरनं वाट हाय? मला दोन वर्षं झाली हितं, मला ठावं न्हाय."

तात्या तोवर जाळीत शिरलाही होता. आम्ही मागं गेलो. वाट होती. माणसाच्या पायानं झिजलेली, पाचोळ्याखाली बुजलेली, पण होती. तात्या पुढं, वाकत नव्हता, दमत नव्हता, हातानं फांद्या बाजूला सारत चालला होता. काकीला पळावं लागत होतं.

गाव आलं तसं कळलं नाही. आधी एक जातं दिसलं, उलटं पडलेलं. मग जोती. नुसती जांभ्या दगडाची जोती, एकामागं एक, आणि त्यांच्यावर झाडं. शाळेच्या खोलीतनं ऐन उगवून छपराच्या उंचीच्या वर गेला होता. माझं घर कुठलं ते मला फणसावरनं कळलं. मी तिथं उभा राहिलो नाही. तसाच पुढं गेलो.

तात्याच्या घराच्या दोन भिंती कमरेएवढ्या शिल्लक होत्या. तो अंगणात आला. पायातली पायताणं काढली. सगळीकडं निवांत नजर फिरवली. काकी त्याच्या मागं चार पावलांवर उभी होती. मला वाटलं, आता हा खाली बसणार, रडणार, आणि काकीचं म्हणणं खरं होणार.

"धोंडे," तात्या म्हणाला, "कौलं पार गेल्यात की. पावसाच्या आत शाकारलं पायजे."

काकी जागची हलली नाही. तिनं पदर तोंडाशी धरला. तात्या वळला, तिच्याकडं नीट बघितलं.

"आन तू येवडी वाळलीस कशानं?"

"पानी मानवलं न्हाय," काकी म्हणाली.

"बस. दमलीस. आन ह्या पावण्यास्नी पानी दे. कोन गावचं म्हनायचं पावणं?"

"नेसरीचा," प्रसेनजीत म्हणाला.

"लांबनं आलासा. बसा बसा. बाळासो, तू का उबा? तुजा बा कुठं हाय?"

माझा बा जाऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "येतोय मागनं."

काकीनं प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी सगळ्यांना दिलं. मग फडकं सोडलं. भाकरी, खर्डा, कांदा. तात्यानं तिच्या हातातनं भाकरी घेतली आणि तिच्यासमोर बसून खाल्ली. चटणी तिखट झाली म्हणाला. दिवाळीपासून पहिल्यांदा. काकी खात नव्हती. ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत होती, पोर जेवताना आई बघते तशी.

जेवल्यावर तात्या कामाला लागला. जोत्यावरचा पाचोळा दोन्ही हातांनी काढला. मातीत रुतलेली कौलं उकरून काढून, धड तेवढी निवडून, भिंतीला टेकवून थप्पी लावली. मधनंच काकीला काहीतरी सांगायचा, वरच्या रानात नाचणी करायची का वरी, हिरडा यंदा कसा आलाय. काकी उत्तरं देत होती. एकदा हसलीसुद्धा. मी आणि प्रसेनजीत बाजूला जांभळीखाली बसलो होतो. लांब कुठंतरी एक पाखरू ओरडायचं आणि थांबायचं.

चार वाजले तसा प्रसेनजीत घड्याळ बघायला लागला.

"दादा, निघाय पायजे," तो हळू म्हणाला.

मी जाऊन काकीला सांगितलं. तिनं ऐकलं आणि सरळ प्रसेनजीतकडं गेली.

"लेका, आमी दोगं हितंच ऱ्हातो. बाळासो जाईल."

"काकी, आसं न्हाय जमत. जनावरं हाईत. वहीत तिघं आत लिवल्यात, तिघं भाईर लिवाय पायजेत."

"मग आट दिवस द्या. चार द्या."

"माझ्या हातात न्हाय वो ते."

"पुन्ना कवा येता यील?"

प्रसेनजीतनं मान खाली घातली. "पावसानंतर हा भाग बंदच करनार म्हनत्यात. पास न्हाय मिळायचा."

त्याचा आवाज पडला होता. तो बिचारा काय करणार? मी तरी काय करणार होतो? काकीनं उरलेल्या भाकरीचं फडकं बांधलं. मग तात्याजवळ जाऊन म्हणाली, "चला, जाऊया."

"कुठं?" तात्या म्हणाला. "घरातच हाय की मी."

मी त्याचा दंड धरला. त्यानं झटकला. दुसऱ्यांदा धरला तसा त्यानं भिंतीत उगवलेल्या ऐनाच्या बुंध्याला मिठी मारली. ऐंशीला टेकलेला म्हातारा, पण सुटेना. प्रसेनजीत दुसऱ्या बाजूनं पुढं झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो बोटं सोडवत होता.

"हात लावू नगा त्यास्नी," काकी म्हणाली.

आम्ही मागं सरलो. काकी तात्याच्या पुढ्यात बसली.

"आवो, माझ्या आईचा सांगावा आलाय. लई आजारी हाय म्हनत्यात. मला म्हायेरला सोडून या. एकलीला वाट सुदरत न्हाय."

काकीची आई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

तात्यानं बुंधा सोडला. "आत्ता सांगतीस व्हय?" तो उठला, धोतर झटकलं, पायताणं घातली. "चल. पर मी पोचवून लगीच माघारी येनार. कौलं तशीच पडल्यात."

"या की," काकी म्हणाली.

परतीच्या वाटेवर तो तिच्या पुढं चालला. करवंदीच्या काट्या हातानं धरून ठेवायचा, ती पुढं गेली की सोडायचा. काकीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही. पाचला पंधरा मिनिटं कमी असताना आम्ही फाटकावर होतो. प्रसेनजीतनं वहीत लिहिलं, तिघं बाहेर. मग काकीच्या पाया पडला. का पडला, त्यालाही सांगता आलं नसतं.

घाट उतरून मलकापूर मागं पडलं. उकाडा परत अंगाला चिकटायला लागला. आरशात बघितलं तर तात्या खिडकीकडं सरकून बसला होता, आपलं धोतर काकीच्या लुगड्याला लागू नये असा.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "तुमास्नी कुठं जायाचं?"

काकी म्हणाली, "आंबेखोलला."

"आमीबी तितलंच. तितं आमच्या घरात धोंडुबाई हाय. वळकता काय?"

"वळकते की."

"भेटली तर सांगा. मला उशीर हुईल म्हनावं. जेवून घे."

"सांगते," काकी म्हणाली.

मी पुढं बघून गाडी चालवत राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तात्याचं मन थांबलं नाही. उलट आता त्याला घर नीट आठवत होतं, दुपारऐवजी सकाळपासनंच निघायचा. काकीनं गणपतीला कडी काढायला लावली. तात्या निघाला की पाण्याची बाटली घेऊन ती त्याच्या मागनं चालायची, रस्त्याच्या बाजूनं, गाड्या आणि त्याच्या मधी. कालव्याच्या पुलापर्यंत गेल्यावर त्याचे पाय थकायचे. तो कठड्यावर बसायचा. काकी थोडी लांब बसायची. बरीच सावली कलली की उठून त्याच्याजवळ जायची आणि म्हणायची, "दादा, मला घरापतूर सोडता काय?"

तात्या तिच्याकडं बघायचा. ओळखीचं काहीच त्याच्या तोंडावर उमटायचं नाही. पण परकी बाई एकटी कशी जाणार, म्हणून तो उठायचा, आणि तिला घरी आणून पोचवायचा. पुढं दीड वर्ष, रोज.