वेस्ट हार्लोच्या गावसभेतला हातोडा

मित्रांनो, मला हातोडा म्हणतात खरे, पण जन्मात मी एकही खिळा ठोकलेला नाही. माझे काम निराळे. एकाला थांबवायचे, म्हणजे दुसऱ्याला बोलता येते.

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात वेस्ट हार्लो नावाचे लहानसे गाव आहे. तिथे एल्विन कोब्ली नावाचा दूधवाला शेतकरी राहत असे. गावाने ज्या वर्षी त्याला गावसभेचा अध्यक्ष निवडले, त्याच वर्षी त्याच्या अंगणातले सफरचंदाचे झाड वादळात पडले. एल्विनने त्याच्या बुंध्यातून मला कोरले, जवसाचे तेल चोळून गुळगुळीत केले आणि मार्चच्या पहिल्या मंगळवारी कोटाच्या खिशात घालून सभेला नेले.

आमच्या गावाचा कारभार त्या एका दिवशी ठरतो. सगळे गाव सभागृहात जमते. रस्ता, शाळा, आगीचा बंब, एकेक विषय निघतो आणि लोक कचाकचा भांडतात. मग मत देतात, आणि दुपारी त्याच बाकांवर मांडीला मांडी लावून मेपल झाडाच्या गोड पाकात शिजवलेला घेवडा खातात. त्या गोंगाटात माझा ठोका पडला की शांतता होई. मला त्याचा फार अभिमान वाटे.

खुर्चीत बसल्यावर एल्विनला स्वतःचे मत नसे. घरी मात्र मते भरपूर होती. वर्षभर मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या डब्याशेजारी असे, त्यामुळे ती सगळी मी ऐकलेली आहेत. त्याची लेक ऱ्होडा हीही ऐके. सहा वर्षांची असताना तिने शाळेतल्या बाईंना सांगितले होते, "आमच्या घरी कर वाढवायला विरोध असतो." आमच्या घरी सगळ्यांचे डोळे निळे आहेत, असे सांगावे तसे! पुढे मोठी होऊन ती मत देऊ लागली, तेव्हाही हात वर करण्याआधी बाबांच्या मित्रांचे हात बघून घेई.

मग ती गावाची बर्फ सारणारी गाडी चालवू लागली. पहाटे उठून तिने गावाचा एकेक रस्ता मोकळा करायचा. त्या कामाने तिला गाव दाखवले.

तिच्या कामाच्या सहाव्या हिवाळ्यात एक ठराव आला. टटल टेकडीच्या रस्त्यावरचा बर्फ पुढच्या वर्षापासून गावाने सारू नये. त्या रस्त्यावर एकच घर उरले होते, एक्क्याऐंशी वर्षांच्या ऑर्फा टटलबाईंचे.

"एका घरासाठी तीन मैल!" जेवताना एल्विन म्हणाला. "हे काही बरोबर नाही."

"बाबा, गेल्या वर्षी ओढ्याच्या रस्त्यावरचा बर्फ सारणं बंद केलं, तेव्हाही आपण हेच म्हणालो होतो."

"मग? चुकलो का?"

"त्या रस्त्यावरचे लेव्हिट गेले ना घर सोडून. त्या फाट्यावरून मी रोज जाते. त्यांच्या टपालपेटीवर मीच बर्फ लोटते."

एल्विन बटाटा कापत राहिला. मग म्हणाला, "म्हणणं असेल तर सभेत मांड. मला पटवून काय उपयोग? मी खुर्चीत असणार."

सभेच्या दिवशी ऱ्होडाने ऑर्फाबाईंना आपल्याच गाडीतून खाली आणले. पण ठराव निघताच सगळ्यांत आधी त्या म्हाताऱ्या बाईच काठी टेकत उभ्या राहिल्या.

"माझा ठरावाला पाठिंबा आहे," त्या ठणकावून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्यानं कुणाचे उपकार घेतले नाहीत. मीही या वयात सुरुवात करणार नाही. बर्फात चालायचे जोडे आहेत माझ्याकडे."

तेवढ्यात मागून आवाज आला, "अध्यक्ष महोदय!"

एल्विनची बोटे माझ्याभोवती आवळली. लेक आजवर सभेत कधी बोललीच नव्हती.

"बोला, मिस कोब्ली."

"मिसेस टटल, माफ करा, पण तो रस्ता तुमचा नाही," ऱ्होडा म्हणाली. लोक हसले. "गावाचा आहे. मग उपकार कसले? गेल्या वर्षी शेवटचं घर लेव्हिटांचं होतं. आज तुमचं. तुमचं गेलं की त्याच्या खालचं शेवटचं होईल. शेवटचं घर कुणाचं तरी असणारच ना? गेल्या वर्षी मी हात वर केला, तो आमच्या घरी तसं म्हणतात म्हणून. मी विचारच केला नव्हता. मग फेब्रुवारीत एकदा त्या बंद रस्त्यानं लेव्हिटांच्या अंगणापर्यंत गाडी नेली आणि खिडकीत अजून पडदे..."

आमच्या सभेत प्रत्येकाला बोलायला तीनच मिनिटे मिळतात, आणि ती झाली होती. मी खाली आलो.

"वेळ संपली."

"बाबा, एकच..."

"वेळ संपली, मिस कोब्ली."

ती बसली. तिचे कान लाल झाले होते. मित्रांनो, एल्विनचा तळहात घामाने भिजला होता, हे फक्त मला ठाऊक आहे.

तोंडी मतदानात काही कळेना, म्हणून लोकांना उभे करून मोजले. बाजूने त्रेचाळीस. त्यांत ऑर्फाबाई ताठ उभ्या. विरुद्धही त्रेचाळीस. बरोबरी झाली की आमच्याकडे अध्यक्ष आपले मत टाकू शकतो. नाही टाकले तर ठराव पडतो.

एल्विनने मला उचलले आणि न ठोकताच परत ठेवले.

"अरे, टाक की!" पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडले. "तुझं मत अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"मलाही ठाऊक होतं," एल्विन म्हणाला, "आज सकाळपर्यंत. आता नाही. आणि स्वतःलाच ठाऊक नसताना मी कुणाचा रस्ता बंद करणार नाही. ठराव नामंजूर."

तो ठोका इतक्या जोरात बसला की माझ्या दांड्याला तडा गेला.

जेवताना ऑर्फाबाई ऱ्होडाच्या समोर येऊन बसल्या. "पोरी, तुझ्यामुळे हरले मी."

"हो."

"पुढच्या वर्षी पुन्हा आणीन ठराव."

"आणा की. मी न्यायला येईन तुम्हाला. रस्ता मोकळा असेल."

ऑर्फाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले, आणि मग आपल्या ताटातला पावाचा तुकडा उचलून तिच्या ताटात ठेवला.

या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. ऑर्फाबाई गेल्या, एल्विनही गेला. आता ऱ्होडा अध्यक्ष आहे. पण सभागृहातले बाक रिकामे पडू लागले आहेत. वर्षाचे बाकीचे दिवस मी गावकचेरीच्या खणात, सुकलेल्या शाईच्या शिक्क्यांबरोबर पडून असतो. आता असा ठराव आला आहे की सभा बंद करावी आणि मतपत्रिका टपालाने घरोघरी पाठवाव्यात. ठराव आणणारी माणसे वाईट नाहीत. कुणाला कामावरून सुट्टी मिळत नाही, कुणाच्या घरी तान्हे मूल आहे. त्यांचेही खरे आहे. ऱ्होडाला काय वाटते, ते मी सांगणार नाही. ती खुर्चीत बसते.

मी म्हातारा आहे, माझे एवढेच ऐका. घरून आणलेले मत जरूर आणा. पण ते पिशवीत घट्ट बांधून आणू नका. शेजाऱ्याजवळ बसा, त्याचे बोलणे संपू द्या. कागदावर 'हो' लिहिता येते आणि 'नाही' लिहिता येते. 'सकाळपर्यंत ठाऊक होते' हे मात्र समोरासमोरच म्हणता येते.

येत्या मार्चमध्ये त्या ठरावावर मतदान आहे. मी टेबलावर असेन. मला मत नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.